सासऱ्यांचा वेग : जुळवणी आणि तपासणी

सुरू करण्याआधी

यंत्राचं झाकण उघडण्याआधी प्लग काढा. प्लग काढल्यावरही पाच मिनिटं थांबा, कारण आतल्या मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहिलेली असते आणि बंद यंत्रसुद्धा झटका देतं. माझ्या सासूबाईंच्या बाबतीतही मी हाच नियम पाळतो.

मी जुनी यंत्रं दुरुस्त करतो. कॅसेट डेक, रेकॉर्ड प्लेअर, व्हिडिओ, मोठ्या चकत्यांचे टेपरेकॉर्डर. दुकान म्हणजे एक खोली आणि तिच्या तीन भिंतींना मॅन्युअलं. ज्या कंपन्या कधीच बुडाल्या त्यांचीही मॅन्युअलं माझ्याकडे आहेत. बायको म्हणते, एवढं लिहीत बसल्या म्हणूनच बुडाल्या असतील. गिऱ्हाईक सांगू लागलं की "आवाज जरा खरखरतोय", की मी आधी यंत्राकडे बघत नाही, कपाटाकडे बघतो. पुस्तकात काय लिहिलंय ते बघू, हे माझं वाक्य. लग्नाच्या पहिल्या महिन्यात भांडण झालं तेव्हाही तोंडातून हेच निघालं होतं म्हणे. मला आठवत नाही. बायकोला तारखेसकट आठवतं.

बिघाडाचं वर्णन (गिऱ्हाइकाच्या शब्दांत)

"बाबा पॅसेजमध्ये अडकलेत," बायको फोनवर म्हणाली. ती माहेरी गेली होती, म्हणजे दोन गल्ल्या सोडून.

"अडकलेत म्हणजे?"

"म्हणजे अडकलेत. डेक मध्येच बंद पडला. एक पाय पुढे, एक मागे. आईने मागून खुर्ची सरकवली, आता बसलेत. तू ये आधी."

यंत्राची पार्श्वभूमी

माझे सासरे वजनमापं खात्यात निरीक्षक होते. एकतीस वर्षं बाजारात फिरून त्यांनी दुकानदारांचे तराजू तपासले, खोटी वजनं जप्त केली, खऱ्यांवर शिक्के मारले. दोन वर्षांपूर्वी त्यांचे पाय जमिनीला चिकटायला लागले. दुखत नाहीत, लुळे पडलेले नाहीत, नुसते निघत नाहीत. मेंदू निरोप पाठवतो, पण तो वाटेत कुठेतरी हरवतो, असं डॉक्टरांनी सांगितलं. मग व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाईंनी एकदा सहज टाळ्या वाजवून ताल धरला, तर बाबा तीन पावलं चालले. "ठेका मिळाला की निरोप दुसऱ्या रस्त्याने पोचतो," बाई म्हणाल्या. "ह्यांच्या ओळखीचं काही आहे का?"

होतं. एक कॅसेट. पितळी वाद्यांच्या बँडचे मार्च, एका बाजूला आठ. नोकरीत असताना बाबा रोज सकाळी ती लावून तयार व्हायचे. ती त्यांच्या डेकवर लावली आणि बाबा झोपायच्या खोलीपासून स्वयंपाकघरापर्यंत चालत गेले. बावीस पावलं. तेव्हापासून सकाळी बावीस, संध्याकाळी बावीस, जाऊन-येऊन अठ्ठ्याऐंशी. तो डेक म्हणजे त्यांची काठी. आणि डॉक्टर स्पष्ट बोलले होते : महिनाभर बसून राहिले, तर मग कायमचे बसतील.

पान ११ (पान १० गहाळ)

डेक दुकानात आणून उघडला. रबरी पट्ट्याचं डांबर झालेलं. ह्या पट्ट्याने मोटर चाकाला फिरवते आणि चाक टेप ओढतं. तीसेक वर्षांनी पट्टा वितळतो आणि सगळीकडे काळा चिकटा होतो. तो स्पिरिटने पुसायला दोन तास लागतात, हातावरून जायला दोन दिवस.

तोवर बाबांची अडचण नको म्हणून मी दुकानातला सर्वांत चांगला डेक त्यांच्याकडे नेऊन लावला. माझा लाडका. वेग केसभरही इकडेतिकडे नाही. कॅसेट तीच, मार्च तोच. बाबा उभे राहिले. डावा पाय उचलला, हवेत धरला, खाली ठेवला.

"हे ते नाही," ते म्हणाले.

"बाबा, कॅसेट तीच आहे."

"हे ते नाही."

"त्यांना त्यांचाच डेक हवाय," सासूबाई म्हणाल्या. "रुसलेत. उशी बदलली तरी आठवडाभर बोलत नाहीत."

मला ते पटलं. दुसऱ्याची चूक असली की मला चटकन पटतं.

६.२ टेपचा वेग जुळवणे

नवीन पट्टा घातला. चाकाचं रबर बदललं. मग मॅन्युअल उघडलं. सहा-दोन माझं आवडतं कलम. चाचणी टेप लावायची, तिच्यावर एकच लांबलचक शिट्टी असते. वेग बरोबर असेल तर मीटरवर तीन हजार दिसतं. नसेल तर मोटरच्या मागच्या भोकात बारीक स्क्रूड्रायव्हर घालून स्क्रू फिरवायचा, तीन हजार येईपर्यंत. बस.

त्या भोकावर काहीतरी थापलेलं होतं. कारखान्यात स्क्रू हलू नये म्हणून त्यावर रंगाचा ठिपका टाकतात. हिरवा, कधी लाल. हा गुलाबी होता. असेल, म्हटलं. टोकाने खरवडला, स्क्रू फिरवला, तीन हजार आणलं. तीन हजार पूर्णांक शून्य. मी त्या आकड्याचा फोटो काढला. बायकोला पाठवला. तिने अंगठ्याचं चित्र पाठवलं.

ह्या कलमाची पहिली ओळ अशी आहे : "फिरवण्याआधी सध्याचं माप लिहून ठेवा."

ती ओळ मी वाचतो. वीस वर्षं वाचतोय. पाळत नाही. कशाला पाळायची?

६.९ दोष कसा शोधावा

डेक परत बाबांच्या पॅसेजमध्ये लावला. बाबा उठून उभे राहतात का? होय. पुढे जा.

डेक चालू आहे का? होय. पुढे जा.

मार्च ऐकू येतो का? होय. (बाबा : "पाय अडलेत, कान नाही.")

डावा पाय उचलला जातो का? होय.

उजवा? नाही.

नाही, तर यंत्र दुकानात पाठवा.

"पुन्हा दुकानात पाठवायचं नाव काढू नकोस," बायको म्हणाली. "आज सहावा दिवस आहे. बाबा खुर्चीतून पलंगावर आणि पलंगावरून खुर्चीत, एवढंच."

"अगं, यंत्रात काहीच दोष नाही. फोटो पाठवला ना तुला?"

"फोटो चालतोय का पॅसेजमधून?"

बाबा डेककडे बघत होते. "बँड दमलाय," ते म्हणाले.

"बाबा, बँड कसा दमेल? कॅसेटवर आहे तो."

"दमलाय. पाय ओढत चाललेत सगळे. तो ढोलवाला तर घरी जायच्या विचारात आहे."

इथे मला राग आला. माझ्या कामावर कुणी बोट ठेवलं की मी आवाज न चढवता, फार सावकाश बोलतो, आणि ते जास्त वाईट दिसतं असं बायको म्हणते. मी चाचणी टेप लावली, मीटर जोडलं, बाबांच्या मांडीवर ठेवलं. "वाचा. किती?"

त्यांनी चष्मा चढवला. "तीन हजार."

"किती हवं? हे मॅन्युअल. इथे वाचा."

"तीन हजार."

"झालं."

बाबांनी मीटर परत दिलं. दोन्ही हातांनी, आदराने, जसा शिक्क्याचा ठसा परत करावा तसं. "मापात आहे," ते म्हणाले. "मग दोष माझ्यात."

आणि ते बसूनच राहिले. जिंकलेला वाद इतका वाईट लागतो हे कुठल्याच मॅन्युअलमध्ये लिहिलेलं नाही. त्यानंतर तीन दिवस त्यांनी कॅसेट लावायला सांगितलीच नाही. सासूबाईंनी लावू का विचारलं तर म्हणाले, "यंत्र बरोबर आहे. उगाच त्याला कशाला त्रास?"

सुटे भाग

तिसऱ्या दिवशी दुकानात मी दुसऱ्याच कुणाचा तरी रेकॉर्ड प्लेअर उघडायला तो बारीक स्क्रूड्रायव्हर घेतला. त्याच्या टोकाला गुलाबी कण होता. नखाने काढला, उजेडात धरला. चमकत होता. आत बारीक चंदेरी चुरा.

कुठलाही कारखाना मोटरवर चंदेरी चुरा टाकत नाही.

दुकानाला कुलूप लावून सासरी गेलो. सासूबाई स्वयंपाकघरात कप विसळत होत्या.

"आई, तुमच्याकडे कधी गुलाबी नेलपॉलिश होतं का हो?"

"माझं वय काय, तुम्ही विचारता काय!"

मी स्क्रूड्रायव्हर पुढे केला. त्यांनी नळ बंद केला. मग पुन्हा सोडला, आधीपेक्षा मोठा.

"ह्यांना सांगणार नसाल तर बोलते."

"नाही सांगणार."

"ह्यांची बस पावणेनऊची," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "दाढी पहिल्या मार्चला, बूट शेवटच्या मार्चला. कॅसेटची बाजू संपली की घराबाहेर. आणि रोज बस दोन मिनिटांनी चुकायची. मी ओरडून बघितलं. घड्याळ पुढे करून बघितलं, तर ह्यांनी लगेच ओळखलं, मापवाला माणूस! मग एकदा दुरुस्तीवाला आला होता. त्याने पुस्तक उघडलं, चित्रात बाण होता, त्या बाणाच्या जागी स्क्रू फिरवला आणि मला म्हणाला, वहिनी, हा वेगाचा स्क्रू, ह्याला हात लावायचा नाही."

"मग?"

"मग काय? हात कुठे लावायचा ते कळलं."

मी स्टुलावर बसलो. "किती फिरवला?"

"थोडासा."

"थोडासा म्हणजे किती?"

"थोडासा म्हणजे थोडासा. चहात साखर घालताना मोजता का तुम्ही? दुसऱ्या दिवशी बस मिळाली. पुढच्या वर्षी परत चुकायला लागली, वय वाढत होतं ह्यांचं. मग आणखी थोडासा. असं करत करत बरोबर जमलं तेव्हा नेलपॉलिश लावून टाकलं. माझ्या भावाच्या लग्नातली बाटली होती, वाळत आलेली."

म्हणजे बाबांचे पाय एकतीस वर्षांतली बहुतेक वर्षं ह्या घाईवर तयार झाले होते. माझ्या सासूबाईंनी मॅन्युअलमधलं एक चित्र एकदा बघून नवऱ्याचा वेग जुळवला होता, आणि मी सबंध मॅन्युअल वाचून तो मोडला होता. आणि आता तो आकडा कुणाकडेच नव्हता. त्यांनी मोजला नव्हता, मी लिहिला नव्हता.

"म्हणजे," पॅसेजमधल्या खुर्चीतून आवाज आला, "माझ्या घरात खोटं माप चालू होतं?"

नळाचा काही उपयोग झाला नव्हता.

हमी आणि तक्रारी

"अहो, बसच्या भल्यासाठी केलं," सासूबाई पदराला हात पुसत बाहेर आल्या.

"मी तुझ्या सख्ख्या भावाचा तराजू जप्त केला होता!"

"म्हणून तर तो दहा वर्षं आपल्याकडे फिरकला नाही. त्याबद्दल मी तुम्हाला कधी बोलले? उलट सुखात होते."

"लोक काय म्हणतील? निरीक्षकाच्याच घरात..."

"लोकांना काय कळतंय! तुम्हाला कळलं नाही."

हे त्यांना लागलं. ते खुर्चीत ताठ बसले. मी मध्ये पडलो. म्हटलं, बाबा, स्क्रू परत फिरवतो, आठवून आठवून जुन्या वेगावर आणतो.

"खबरदार! तीन हजार म्हणजे तीन हजार. जाणूनबुजून खोट्या मापावर मी एक पाऊल टाकणार नाही."

एवढ्यात बायको आली. तिला दारातच सगळं कळलं, कारण तिघंही एकदम सांगत होतो. तिने पिशवी खाली ठेवली. "बाबा," ती म्हणाली, "एक तर चाला, नाहीतर बरोबर राहा. दोन्ही जमणार नाही."

बाबांनी माझ्यापुढे हात केला. "ते पुस्तक द्या."

डेकशेजारीच राहिलेलं मॅन्युअल मी दिलं. त्यांनी ते भिंगाखाली धरलं. सहा-एक वाचलं. सहा-दोनवर बोट ठेवलं. "इथे काय लिहिलंय?"

"फिरवण्याआधी सध्याचं माप लिहून ठेवा."

"लिहिलंत?"

"नाही."

"का?"

"चुकीचं माप लिहून काय करायचंय, असं वाटलं."

"जावईबापू," बाबा म्हणाले, "मी जन्मभर चुकीचीच मापं लिहिली. कुणाचा किलो नऊशे ऐंशीचा, कुणाचा नऊशे चाळीसचा. वह्याच्या वह्या. बरोबर माप लिहायचंच कशाला? ते सगळ्यांना ठाऊकच असतं."

बायकोने माझ्याकडे बघितलं. हेही वाक्य तिला तारखेसकट आठवणार, हे मला दिसलं.

बाबांनी भिंग ठेवलं. मग कचेरीतल्या आवाजात म्हणाले, "तराजू चुकणं हा गुन्हा नाही. लोखंड आहे, झिजतं. चुकलेला तराजू खरा म्हणून वापरणं हा गुन्हा. ह्या बाईंनी लपवलं, तो गुन्हा. तुम्ही असं करा, ह्या पुस्तकात उघड लिहा : हे यंत्र ह्या घरापुरतं अमुक इतक्या मापाने चालेल. खाली सही. मग ते खोटं राहत नाही. मग मी चालतो."

"लिहितो," मी पेन काढलं. "पण अमुक म्हणजे किती?"

"ते तुम्ही सांगायचं."

"तुम्ही चालल्याशिवाय मला कळणार नाही."

"तुम्ही लिहिल्याशिवाय मी चालणार नाही."

चहा झाला. दुसरा झाला. सासूबाई म्हणाल्या, ह्यांना उचलून चालवा. बायको म्हणाली, आकडा ठोकून द्या, कुणाला कळतंय. बाबांनी तिच्याकडे असं बघितलं की तिने कप उचलून आत नेला. आतूनच ती ओरडली, "बाबा, तुमच्या खात्यात तात्पुरता परवाना नव्हता का हो?"

बाबांचा चेहरा उजळला. "होता की! नमुना चार."

परिशिष्ट (हस्तलिखित)

बाबांनी सांगितलं, मी मॅन्युअलच्या मागच्या कोऱ्या पानावर लिहून घेतलं : "सदर यंत्रास आजचा एक दिवस, तपासणीपुरते, माप निश्चित नसताना चालवण्याची तात्पुरती परवानगी देण्यात येत आहे. माप निश्चित होताच ते खालील रकान्यात भरावे." अर्जदार म्हणून सासूबाईंची सही. त्या म्हणाल्या, माझी कशाला? बाबा म्हणाले, तूच फिरवलास. त्यांनी सही केली, जरा ऐटीतच.

६.२ (पुन्हा)

डेक पॅसेजमधल्या टेबलावर. मी त्याच्या मागे, उघड्या झाकणातून हात आत घालून, स्क्रूड्रायव्हर भोकात. बाबा झोपायच्या खोलीच्या दारात उभे. बायको त्यांच्या बाजूला, हात न लावता, पण हात तयार. सासूबाई स्वयंपाकघराच्या टोकाला खुर्ची धरून.

मार्च सुरू झाला.

"दमलेला," बाबा म्हणाले.

मी स्क्रू फिरवला. केसभर.

"अजून दमलेला."

केसभर.

"आता जरा पाणी प्यायलेला दिसतोय."

केसभर.

"हं. हं. नाही, आता पळत सुटला. चोर मागे लागलाय का?"

अर्धा केस मागे. वीस वर्षांत मी डोळ्यांनी मीटर बघत स्क्रू फिरवलाय, इथे मीटरच्या जागी सासरे होते आणि ते बोलत होते.

मग ते बोलायचे थांबले.

मी मान वर केली. डावा पाय पुढे पडला होता. उजवा त्याच्या पुढे पडला. डावा. उजवा. माझ्या स्क्रूड्रायव्हरचं टोक स्क्रूच्या खाचेत तसंच, आणि मी श्वाससुद्धा सोडेना, न जाणो तेवढ्याने हललं तर.

इथे एक तांत्रिक अडचण आहे, ती आधी सांगायला हवी होती. माप घ्यायचं तर मार्चची कॅसेट काढून चाचणी टेप लावावी लागते. मार्च काढला की बाबा थांबणार. मार्च ठेवला तर आकडा मिळणार नाही, आणि आकडा मिळाल्याबरोबर रकान्यात भरायचा अशी परवानगीतली अट. मी एका हाताने स्क्रू सांभाळत दुसरा हात बटणाकडे नेला.

"आत्ता घेऊ का माप, बाबा?"

ते माझ्या समोरून गेले. माझ्याकडे बघितलंही नाही. बाजारात दुकानदारांच्या समोरून असेच जात असणार.

"अहो, सावकाश! इकडे, इकडे या," सासूबाई खुर्ची थोपटत म्हणाल्या.

स्वयंपाकघराशी पोचून बाबा खुर्चीपुढे उभे राहायला हवे होते. बावीस पावलं झाली होती. पण ते डावीकडे वळले. डावीकडे बाहेरचं दार.

"अहो! स्वयंपाकघर इकडे आहे!"

"माहीत आहे," बाबा म्हणाले. "माझंच घर आहे."

दार उघडंच होतं. बायको चपला न घालता त्यांच्या मागे धावली. एक पायरी. मी डोळे मिटले. उघडले तर पायरी मागे पडली होती आणि बाबा अंगणातल्या फरश्यांवर, ढोलाच्या ठोक्याला एक पाऊल. सासूबाई खुर्ची उचलून घेऊन त्यांच्या मागे. दोन वर्षांत ते पायांनी फाटकापर्यंत गेले नव्हते.

मी जागचा हलू शकत नव्हतो. एक हात आत, एक बटणावर. खिडकीतून एवढंच दिसलं की फाटक उघडलं, बाहेरून सायकलवाल्याने घंटी वाजवली, आणि बाबा रस्त्याला लागले. तिसरा मार्च संपून चौथा लागला. चौथा जरा हळुवार सुरू होतो. सुरुवातीला नुसत्या बासऱ्या, ढोल नंतर येतो.

रस्त्यावर ते थांबले. एक पाय पुढे, एक मागे. खुर्ची घेऊन सासूबाई पोचल्या, बायकोने हात पुढे केला. बाबांनी दोघींना बाजूला केलं, घराकडे मान वळवली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले,

"आवाज वाढवा!"

मी बटणावरचा हात काढला आणि आवाज वाढवला.